गोटी

देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या आतल्या अंगाला
घरपट्टीच्या मोजणीला गेलो,
तेव्हा फाटकावर नाव अर्धंच उरलेलं :
बरजोरजी सो—
पुढचं लोखंड कुणीतरी भंगारात घातलं होतं.

सोडावाला, लहानू गांगुर्डे म्हणाला.
गोऱ्या पलटणीच्या ढेकरांवर उभं राहिलेलं घर, साहेब.

मी टेप धरली. दिवाणखाना छत्तीस बाय बावीस.
बोटीतून आलेला जिना, कठड्याला ओतीव द्राक्षांचे घोस,
नाशकात द्राक्षं पिकायच्या आधीची द्राक्षं.
शेकोटी एकदाही न पेटलेली,
धुराड्यात पाकोळ्या.

कलेक्टर जेवायला येणार म्हणून
शेटनी ही फरशी तीनदा उखडायला लावली.
बाटलीतली गोटी ठेवायचे मधोमध,
पगडी काढून, गुडघ्यांवर, श्वास धरून.
हलली, की ‘फरीथी करो!’
माझा पणजा होता त्या गवंड्यांत.
चौथ्यांदा हलली नाही.
साहेबच आला नाही.
ताप म्हणे. की बदली.

लहानूनं खिशातून हिरवट काच काढली,
ठेवली.
आम्ही दोघंही वाकलो.

जरा थांबली.
मग निघाली, काडीची घाई न करता,
बारा खुर्च्यांच्या खुणांमधून,
मोठ्या दरवाजाकडे पाठ करून
मागच्या बोळाकडे, जिथून
शेट स्वतः जन्मभर ये-जा करायचे.
पुढचा उंबरा पाहुण्यासाठी कोरा ठेवलेला.

फॉर्मवर उताराला रकाना नाही.
‘वापर’ पुढे मी लिहिलं : स्वतःचा.
मग खोडलं.