डावीकडची शीर

योएन्सूचं इस्पितळ, खोली नऊ.
पालागा, वय एक्क्याण्णव.
तक्त्यावर तीन रात्री तेच:
अस्वस्थ. सुई उपसते. झोपेचं औषध वाढवावं का?

तुइरे रात्रपाळीची. देवाशी तिचं
लहानपणापासून बोलणं नाही.
ती नुसती खुर्ची ओढून बसली.
बाहेर ट्रॅक्टर बर्फ खरवडत होता

आणि तिला दिसलं: उजव्या हाताची तीन बोटं
मिठाची चिमूट धरावी तशी जुळतात,
कपाळाकडे निघतात,
नळी ताणते, हात अर्ध्यातून माघारी.
पुन्हा निघतात.
सरहद्दीपलीकडे राहून गेलेल्या गावात
आईनं बोट धरून दाखवलेली वाट:
कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा.

तुइरेनं काही विचारलं नाही.
डाव्या हाताची शीर चाचपली. बारीक, पळपुटी,
दुसऱ्या टोचणीला सापडली.

मग उजवा हात
सावकाश गेला. पोचला.
कितीदा, ते तिनं मोजलं नाही.
नाडी मोजली. ब्याऐंशी.

फॉर्मवर शेवटी एक चौकट असते,
‘आध्यात्मिक गरजा’.
ती नेहमी कोरी सोडायची.
पहाटे पेन झटकून लिहिलं:
सलाईन डाव्या हातालाच लावणे.