शेरा

धारवाडला धाडायचा फॉर्म.
चौदा रकाने, शेवटचा ‘शेरा’,
दोन बोटं रुंद.

वैजनाथ नागोजी सुळगेकर. वय सतरा,
म्हणजे दाखल्यावर सतरा.
दात मोजून घ्यायला हा काय बैल नव्हे.
डावखुरा. वेगवान.
किती, ते सांगणारं यंत्र आमच्याकडं नाही.
कीपर इराप्पा एरवी दहा पावलं मागं थांबतो,
याला अठरा.
तिसऱ्या चेंडूनंतर आणखी दोन सरकला,
कुणाला न सांगता.

व्हॅक्सिन डेपोच्या तांबड्या मातीत
विटेच्या तुकड्यानं खूण केलीय त्यानं,
तिथून अकरा पावलं, शेवटची तीन बिघडलेली;
उसाच्या सऱ्या ओलांडाव्यात तसा
उगाच उंच पाय टाकतो.
पुढचा पाय बाहेर पडतो.
डोकं पडतं त्याच्यामागं.
मनगट चांगलं.
मनगट फारच चांगलं.
(पहिलं खोडलं.)

पहाटे साडेचारला हे पोरगं मार्केट यार्डात
बापाबरोबर रताळ्यांची पोती ट्रकात चढवतं.
खांदा तिथून आलाय.
जाणारही तिथंच,
यासाठी मला यंत्र लागत नाही:
माझा डावा हात कंगवा घेऊन
कानापर्यंत जातो, वर जात नाही.

माझ्या वेळी कोल्हापूरकर म्हणाले,
पोरगं बरं आहे, पण तिकडचं.
धारवाडकर म्हणाले, नोडोणा, बघूया.
अजून बघायलेत.

नेटमागं नागोजी उभा, टोपी मुठीत.
‘सर, कन्नड बोलतंय की पोरगं, फाडफाड.
इंग्लिशबी शिकंल.
हुईल न्हवं काय तरी?’
मी म्हटलं, नोडोणा.
आणि माझ्याच तोंडातनं आलेला तो शब्द
दातात अडकलेल्या उसाच्या चोयटीसारखा
जिभेनं चाचपत बसलो.

मग स्कूटरच्या डिकीतला नवा चेंडू काढला.
तीन वर्षं फडक्यात होता.
वैजूनं आधी वास घेतला त्याचा,
पँटीला घासला नाही, कसा घासणार,
धुऊन आणलेली एकच पांढरी.

धावला.
वाईड.
बॅटिंग करणारा कॉलेजचा पोरगा हसला,
स्कोअर लिहिणाराही हसला,
पण शेवटच्या हातभर जागेत
तो चेंडू ज्या बाजूला वळायला नको होता
त्या बाजूला वळला, आणि उशिरा वळला,
घरी जायचं सोडून दुसऱ्याच गल्लीत शिरावं तसा.
इराप्पा हसला नाही.
त्यानं ग्लोव्ह काढला,
बोटांवर फुंकर घातली,
आणि माझ्याकडं बघितलं.

दोन बोटांत काय मावतं?
‘होतकरू’ मावतं. ‘मेहनती’ मावतं.
दरवर्षी तेच मावतं,
दरवर्षी फॉर्म जातो, पोरं परत येतात.

लिहिलं: कृपया मागं पाहा.
मागच्या कोऱ्या बाजूला
पुढच्या पायाबद्दल तीन ओळी,
मनगटाबद्दल एक,
कीपरची पावलं: वीस.
खाली जागा उरली होती,
तिथं खांद्याबद्दल लिहायला घेतलं
आणि बापाला हाक मारली, नागोजी,
पोती किती किलोची असतात?