शेवटचा हप्ता

न्खोताकोटाच्या किनाऱ्यावर
उसिपा मासळी वाळत घातलेल्या माच्यांमधून
मी सायकल ढकलत नेतो.
कॅरियरला सहा दिवे, दोन पॅनेल
आणि एक वही, जिच्यात कुणालाच काही फुकट नाही.
नाचिसाले लांबूनच ओरडते,
आला गं, उजेडाचा सावकार!

तिच्या खुराड्यात अजून पडलाय
कुठल्याशा संस्थेनं वाटलेला पहिला दिवा.
तेव्हा फोटो काढला होता तिचा, हसताना.
आठ दिवसांत विझला. भांडणार कुणाशी?
दिल्या दानाला दार नसतं ठोठवायला.
कोंबडी बसते आता त्यावर.

माझा दिवा बिघडला तेव्हा मात्र
ती तासभर चालत दुकानाशी आली,
भर बाजारात माझ्या सात पिढ्या काढल्या
आणि नवी बॅटरी घेऊनच गेली.
मी वर कळवलं.
फॉर्मात भांडणाचा रकाना नव्हता.

पैसे घालणारे दूर, बर्फाच्या गावात.
देणगीच म्हणे, पण फिरून येणारी,
दहा-बारा वर्षांनी आली तरी चालेल अशी.
पत्रकात छापलंय : आमच्या भांडवलाला धीर आहे.
नाचिसालेला वाचून दाखवलं.
मासे उलटत ती म्हणाली,
धीर? ढग आला की माझा माल दुपारपर्यंत नासतो.

फेब्रुवारीत नासलाच.
हप्ता चुकला, आणि लिलाँग्वेतल्या कचेरीतून
एका आकड्यानं तिचा दिवा मिटला.
पोरगी म्फात्सो,
आमच्यात या नावाचा अर्थ भेट,
पुस्तक घेऊन शेजारच्या उजेडात जाऊन बसली.
मेला नाही तो, रुसलाय, एवढंच नाचिसाले बोलली.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्या रात्री तिचा हप्ता मी माझ्या खिशातून भरणार होतो.
भरला नाही.
उद्या कुणाकुणाचा भरशील, हे एक.
तिला कळलं असतं, हे दुसरं.
तिसरं काहीतरी आहे, ते मला अजून सांगता येत नाही.

आज शेवटचा हप्ता.
तिनं नोटा मोजल्या, मला मोजायला लावल्या,
पुन्हा स्वतः मोजल्या.
फोनवर आकडा आला.
आता दिवा कचेरीचं ऐकणार नाही.

मग मी एक पेला उसिपा मागितला.
भाव कमी कर म्हटलं. नाही केला.
माप ओतून झाल्यावर
वर एक ओंजळ टाकली, माझ्याकडे न बघता.

घरापर्यंत पिशवीचा वास येत राहिला.
कॅरियरवर दिवे अजून सहाच.