सातावर सात

सिनेमातली चूक मला लगेच दिसते.
आत्ता कप काठोकाठ भरलेला,
कॅमेरा वळून येतो तोवर अर्धा,
आणि मधे कुणी घोटही घेतलेला नाही.
मी कोपर मारून दाखवायला जायचे,
पण शेजारच्या खुर्चीत बाबा, आणि बाबा झोपलेले.

सात दिवस वर, तांब्याच्या खाणीत.
सात दिवस खाली, अंतोफागास्तात, आमच्याजवळ.
खाली आले की पहिल्याच संध्याकाळी
समुद्राकाठच्या थिएटरात दोन तिकिटं, लाह्यांचा एक पुडा.
दिवे गेले की बाबाही गेले.
त्यांच्या घोरण्याला सूर होता, खर्जातला,
चढावर गिअर बदलणाऱ्या ट्रकचा.

परतताना बसमध्ये विचारायचे,
"शेवटी काय झालं गं?"
मी वाट्टेल ते सांगायचे.
मेलेली नवरी उठवली,
खुन्याला बेकरी काढून दिली,
बुडत्या जहाजावर सगळ्यांना पोहता येत होतं म्हणाले.
ते खिडकीबाहेर बघत मान हलवायचे.
"चांगला होता पिक्चर."

आमचा बँड टायरच्या दुकानात वाजवतो, शटर ओढून.
रबराच्या वासात मी कीबोर्डवर, बाल्दो ड्रमवर.
तो म्हणतो, यास्ना, चुकलीस तर थांबू नकोस,
पुढच्या फेरीत तीच चूक पुन्हा कर, जोरात,
लोकांना वाटेल ठरवून केलीय.
गाण्यात हे चालतं. मी करून बघितलंय, टाळ्या घेतल्यात.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.
एवढंच कारण सांगता येतं,
आणि ते कारण नाही.
पडद्यावर कुणीतरी कुणाचा तरी निरोप घेत होतं,
व्हायोलिनं रडून रडून बेजार,
आणि बाबांचं तोंड उघडं,
लाळेची तार पडद्याच्या उजेडात निळी.
मी मोबाइल काढला. अकरा सेकंद.
घरी येऊन त्याखाली बाल्दोचा ठेका टाकला,
प्रत्येक घोरणं बरोबर समेवर बसवलं.
जमलं होतं फार छान.
हे मी आजही म्हणेन,
आणि लाज वाटते ती नेमकी ह्याचीच.

सोमवारी खाणीची अख्खी बस ते बघत होती.
जेवणाच्या रांगेत ताटांवर चमचे
त्याच ठेक्यात वाजत होते,
हे मला शेजारच्या एर्मिंदाने सांगितलं, बाबांनी नाही.
बाबा खाली आले. अंघोळ केली. टोमॅटोच्या रोपांना पाणी घातलं.
संध्याकाळी मी बूट घालायला बसले तर म्हणाले,
"तू जा. माझा पाय दुखतोय."
कुठला, ते मी विचारलं नाही.

व्हिडिओ मी पुसला.
पुसणं माझ्या हातात होतं,
विसरणं त्या चमच्यांच्या.

मग खूप महिन्यांनी आई, कांदा चिरता चिरता:
"घरी झोप कुठे लागते त्यांना?
वर रात्रभर जागायचं, खाली रात्रीची सवय मोडलेली.
पडदे ओढून छताकडे बघत पडतात.
तिथे तेवढे झोपायचे,
दीड तास,
तुझ्या खांद्यापाशी."
कांदा तिच्या हातात होता,
डोळे माझे चुरचुरले.

आता मी एकटी जाते, आणि कपाकडे बघत नाही.
भरला असेल, अर्धा असेल, त्यांचं ते बघतील.
शेवटची नावं संपेपर्यंत मात्र बसते,
झाडूवाला पायांशी येऊन उभा राहीपर्यंत.
दिवे कुणी धरले, आवाज कुणी पकडला,
अन् त्यातच कुठेतरी
जो कप भरायचा विसरला, त्याचंही नाव असणार.
त्याला काढून टाकलेलं नाही.
ह्या गोष्टीपाशी मी रोज थोडी रेंगाळते.

परवा घरी पोचले तर धुकं समुद्रावरून थेट गल्लीत उतरलेलं,
दिव्यांच्या खांबांना डोकीच नव्हती.
स्वयंपाकघरात बाबा. एक वाजलेला.
रेडिओ इतका हळू, की गाण्याची नुसती धग यावी.
मी पाणी प्यायले. ग्लास विसळला. परत विसळला.
मागून आवाज आला, चार वर्षांनी:
"शेवटी काय झालं गं?"

माझ्याकडे शेवट तयार होता,
खरा, नावांसकट, अगदी शेवटच्या नावापर्यंत.
मी म्हणाले,
"माहीत नाही. मला झोप लागली."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
मग समोरची खुर्ची पायाने जराशी बाहेर सरकवत म्हणाले,
"घोरलीस?"