एकोणीस टक्के

पणजीच्या बोर्डात मेजर डॉक्टरबाईंनी
घोट्याला प्लास्टिकचा कोनमापक लावला.
वाकवा. आणखी. दुखतं?
मी म्हणालो, नाही.
सव्वीस वर्षांची सवय.
त्यांनी तेच लिहून घेतलं.

उजवा घोटा, संधिवात, एकोणीस टक्के.
पेन्शन विसापासून.
'सेवेमुळे झाला काय?' या रकान्यात
नुसती एक रेघ.

बर्फातली ती चौकी कुठल्या रकान्यात भरायची?
तीन रात्री ओले बूट,
खाली उतरताना मुरगळलेला पाय.
मलम चोळणाऱ्याला मीच म्हणालो होतो,
लिहू नका साहेब,
प्रमोशन तोंडावर आहे.

वाळपईची बस. खिडकीतून
काजूच्या बोंडांचा आंबूस वास.
झर्म्यात घराला चिऱ्याच्या अकरा पायऱ्या.
शेवंती चुलीपाशी बसून नुसती ऐकते
आणि पाणी किती तापवायचं ते ठरवते.
तिला टक्के विचारले नाहीत कुणी.

शिगम्यात घोडेमोडणीचा घोडा
यंदा पुतण्यानं कमरेला बांधला.
बांधताना गाठ मीच दाखवली.
ढोल वाजला तसा
माझा डावा पाय उठला, न विचारता.
उजव्यानं जरा वेळ घेतला,
म्हाताऱ्या सुभेदारासारखा,
मग तोही.

आंब्याखाली अंधार होता,
कोणी बघितलं नसेल.
बघितलं असेल तर,
अपिलाची तारीख अजून लागायची आहे,
लिहू नका.