मान की पाठ

जिन्यात भेटेल तो विचारतो,
घरात चालतं का हो असलं कुत्रं?
असलं म्हणजे हडकुळं, लांब तोंडाचं,
बरगड्या मोजून घ्याव्यात असं.
खायला घालता की नाही, हा दुसरा प्रश्न
पहिल्याच्या पोटातच असतो.

चालतं कुठे, मी म्हणते, झोपतं.
भिंगरी दिवसाचे सोळा तास सोफ्यावर असते,
बुधवारच्या बाजारातल्या छत्रीसारखी मिटून.
भुंकत नाही. सिलिंडरवाला आला की एक डोळा उघडते,
हा काही पळणार नाही, असं बघून मिटते.
मिहिका तिच्या पोटावर डोकं टेकून पाढे म्हणते.
सतराच्या पाढ्याला दोघींनाही झोप लागते.

सिन्नरच्या पलीकडे, पांगरीच्या माळावर
पुंजाहरी बोडक्यांनी तिची दोरी माझ्या हाती दिली
तेव्हा फॉरेस्टवाले दोनदा येऊन गेले होते.
तिसऱ्यांदा आले तर मला नेतील, म्हणाले,
ही काय पळायची ऱ्हाणार नाही.
तिच्या कानात काहीतरी बोलले, आणि पाठ केली.
शिंद्याच्या टोलनाक्यापर्यंत
ती मागच्या सीटवर उभीच होती.

तिला शिकवलेलं एवढंच:
जे पळतं ते धरायचं. फाडायचं नाही.
आणून पायाशी ठेवायचं आणि मागं सरायचं.
मला हे लगेच कळलं.
मी नोट प्रेसमध्ये ताव तपासते.
शाई फुटलेला, आकडा सरकलेला बाजूला काढते.
सात पिढ्यांना पुरेल एवढा पैसा
रोज बोटांखालून जातो,
आणि सुटताना फाटकावर झडती देऊन
मी शेअर रिक्षाचे सुट्टे पैसे चाचपत उभी राहते.

त्या पहाटे जेल रोडला धुकं होतं.
मैदानात कुणी नव्हतं, म्हणून दोरी सोडली.
सोसायटीच्या मीटिंगमध्येही मी हेच सांगितलं,
कुणी नव्हतं म्हणून.
खरं म्हणजे मला ती पळताना बघायची होती.

पळताना ती कुत्री राहत नाही.
चारही पाय पोटाखाली एका मुठीत येतात,
मूठ उघडते,
आणि मधल्या वेळात तिच्याखाली जमीन नसते.

दातरंगे काकूंचा मन्या भिंतीवरून उतरला.
माझ्या तोंडून नुसतं ‘भिं’ निघालं.

तिनं तो आणून माझ्या चपलांशी ठेवला.
रक्ताचा थेंब नाही.
गळ्यातला घुंगरू जागच्या जागी.
मागं सरली, बसली, वर बघत राहिली.
त्यानंतर माझ्या हातानं काय केलं
ते मी मीटिंगमध्ये बोलले नाही.

पुंजाहरींना फोन लावला, रडत.
पलीकडे शेळ्या ओरडत होत्या.
बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं,
मान धरली का पाठ?
मान.
मग हुकली नाही पोर, म्हणाले,
आणि फोन ठेवायचं विसरले.
शेळ्या ऐकत मी तशीच उभी होते.

लोखंडे सेक्रेटरींनी नोटीस लावली, लिफ्टशेजारी,
पाण्याच्या वेळापत्रकाच्या खाली.
तोंडाला जाळी, दोरी आखूड, मैदान बंद.
काकू मीटिंगला आल्या नव्हत्या.
मिहिका आठ दिवस आतल्या खोलीत पाढे म्हणत होती.
नवव्या दिवशी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.
तिनं विचारलं,
तो काकूंचा आहे हे भिंगरीला माहीत होतं का?
नसेल.
आणि असतं तर?
मी कुकरची शिट्टी बसवायला उठले.

रात्री झोपेत भिंगरीचे पाय हलतात.
सोफ्याचं कापड घासल्याचा आवाज येत राहतो.
मी तिला उठवत नाही.
ती कुठे पोचते, काय धरते,
कुणाच्या पायाशी नेऊन ठेवते, माहीत नाही.

मन्याची वाटी अजून जिन्यात आहे,
रोज दुधानं भरलेली.
तिथून जाताना दोरीचे दोन वेढे
मी मनगटाला घेते.
उगीच.
भिंगरी वाटीकडे बघतसुद्धा नाही.
दूध पळत नाही.