बारा व्होल्ट

सोमवारी दुपारी
कूलरच्या घरघरीखालचा एक बारीक आवाज गेला.
तो होता, हे गेल्यावरच कळलं.

टीव्हीमागच्या फळीवरचा काळा डबा,
आत दोन डिस्का, नऊ वर्षं गुणगुणणाऱ्या.
निळा दिवा बंद.
डबा गार होता. अडॅप्टर मात्र
तव्यावरून आत्ताच उतरवल्यासारखा,
त्याला जळक्या प्लास्टिकचा वास.
मानेवाड्यात सगळ्यांचे कूलर एकदम लागतात तेव्हा
व्होल्टेज कधी बसतं, कधी उसळतं.
त्यातच गेला असावा.

आतून बाबा म्हणाले, "काय झालं वं?"
"काही नाही."

डब्यात बाबांचं तापमान आहे.
ताप नव्हे. गच्चीवरचं.
रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाल्यापासून
रोज दुपारी अडीचला, डोक्याला ओला दुपट्टा,
सव्वीस पायऱ्या, टाकीच्या सावलीत खिळ्याला थर्मामीटर.
आकडा वहीत, शेजारी एखादी ओळ:
पारव्यांच्या चोची उघड्या.
ढोमण्यांकडे टँकर आला नाही.
आता गुडघे नाही म्हणतात, म्हणून वर मी जाते.
वह्या मागच्या वर्षी वाळवीनं खाल्ल्या.
त्याआधी मी पान न् पान स्कॅन करून डब्यात टाकलं होतं.
एक कॉपी भावाकडे अकोल्याला पाठवायची होती.
होती.

मंगळवारी बर्डी.
पहिला म्हणाला, "कंपनीच बंद झाली मॅडम, नवा डबा घेऊन टाका."
दुसऱ्यानं लॅपटॉपचा चार्जर पुढे केला, एकोणीस व्होल्टचा.
"लागून जाईन ना जी, पिन सेम आहे."
पिन सेम होती.
उन्हात मला क्षणभर वाटलंही, लागून जाईल.

तिसरं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.
उरकुडे. चष्म्याला दोरा, टेबलावर
गोठलेले सोल्डरचे थेंब.
जुन्या अडॅप्टरचं पुसट लेबल त्यांनी उजेडाकडे धरून वाचलं,
बाबा पारा वाचतात तसं, एक डोळा मिटून.

"पिन पाहून नाही घेत बाई. पिन काय, कुठंही घुसते.
व्होल्ट तेवढाच पाहिजे. बारा म्हणजे बारा.
अँपिअर जास्त असला तरी चालते.
डबा आपल्यापुरतं ओढून घेते,
बाकीचं तिथंच राह्यते."

मग मीटरची लाल काडी मधल्या भोकात.
"मधात प्लस. बराबर."
बारा लिहिलेला एक साडेचौदा दाखवत होता, तो परत खोक्यात गेला.
मी विचारलं, डिस्का वाचल्या असतील ना?
उरकुडे वायर गुंडाळत राहिले.

मी दोन मागितले.
"दोन कायले?"
"एक गेला की."
"घ्या. पण दुसराही मधामधात लावून पाहत जा.
पडून राह्यलेलंही मरते."

घरी आले तेव्हा ब्लाऊज पाठीला चिकटलेला.
प्लग लावला.
नारिंगी. नारिंगी. पुन्हा नारिंगी.
एक डिस्क फिरायला लागली.
दुसरी खाकरली, थांबली,
आणि मग तीही.

कॉपीला सात तास लागतील, असं स्क्रीन म्हणाला.
लागू देत.
मी सहज एक पान उघडलं, कुठल्याशा मेमधलं.
स्कॅन करताना मी पानं नुसती उलटली होती,
वाचली नव्हती.
४६.८, आणि पुढे त्या तिरक्या, टोकदार अक्षरात:
वैजू कॉलेजातून आली नाही अजून. छत्री घरीच आहे.
खाली वेगळ्या शाईनं:
आली, ४.१०.

"वर गेलं होतं का कोणी?" बाबांनी विचारलं.
साडेपाच वाजले होते.

नव्या वहीत मंगळवारच्या रकान्यात
मी आधी एक आडवी रेघ ओढली.
मग शेजारी लिहिलं:
बर्डीत होते. आले, ५.२०.